सांगून मारलेला की मारून सांगितलेला

फौजेत अठरा वर्षं काढून नोव्हेंबर २०२२मध्ये मी गावी परतलो. वर्धा जिल्ह्यात आर्वी–तळेगाव रस्त्यावरून चार किलोमीटर आत आमचं गाव आहे. सामानात दोन ट्रंका, एक होल्डॉल आणि गोल्फच्या सहा काठ्या होत्या: ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची मोठी काठी), पाच, सात आणि नऊ नंबरची आयर्न, एक वेज आणि पटर. शेवटच्या पोस्टिंगमध्ये अडीच वर्षं लष्करी स्टेशनच्या गोल्फ कोर्सवर ड्युटी होती. गवत कापायचं, पाणी द्यायचं, आणि साहेब लोक खेळताना पुढं उभं राहून कोणाचा बॉल कुठं पडला ते सांगायचं. निघताना एका साहेबांनी हा जुना अर्धा सेट हातात दिला आणि म्हणाले, "ले जा, गाँव में भी हाथ चलाते रहना."

हात चालवला. पुढं काय झालं ते तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवतो, कारण मी शोधत होतो तेव्हा अशा गावातून हे कोणी केल्याचं मराठीत मला कुठं सापडलं नाही.

गोल्फ न पाहिलेल्यांसाठी आधी थोडं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल हवेत उजवीकडे वळण्याचे दोन प्रकार आहेत. थोडा डावीकडून निघून शेवटी अलगद उजवीकडे झुकत निशाणावर येतो तो फेड. निशाण सोडून उजवीकडे पळत सुटतो तो स्लाइस. डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचावं. फेडला मान आहे. अमेरिकेच्या दिग्गजांपैकी बेन होगननी आपला डावीकडे पळणारा हुक आवरून फेड बसवला, जॅक निकलॉसचा भरवशाचा फटका फेडच. स्लाइसला कोणी विचारत नाही, पण नवशिक्या बहुतेकांचा फटका तोच असतो. दोन्ही उजवीकडेच वळत असल्याने स्वतःची समजूत घालायला जागा भरपूर. मी वर्षभर घातली. कोणी विचारलं तर म्हणायचो, "माझा नॅचरल फेड आहे."

ऑक्टोबर २०२३मध्ये सोयाबीन निघालं. नदीकडच्या वावरातला एक एकर मी सरावासाठी हरभऱ्याविना ठेवला आणि घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी नोव्हेंबरच्या अखेरीस उशिरा का होईना पेरला आणि काठ्या घेऊन गावाच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी चराऊ जमिनीवर गेलो. तिथं एक जुना पळस आहे. त्याच्यापासून दीडशे पावलं मागं उभं राहून सात नंबरने पळसावर नेम धरायचा, हा रोजचा कार्यक्रम.

त्याच ई-क्लासवर आबाजी बकऱ्या चारतात. आमच्या नात्यातले नाहीत, पण अख्खं गाव त्यांना आबाजीच म्हणतं. पहिले चार-पाच दिवस ते पळसाच्या उजव्या अंगाला बसले. मग उठून डाव्या अंगाला गेले. मग थेट माझ्या मागं येऊन बसले. एके दिवशी बॉल बाभळीकडे गेला. मी सवयीने म्हटलं, "आबाजी, पाहा, फेड मारला." त्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "फौजी, तू सांगून मारतं का मारून सांगतं?"

मला राग आला. घरी येऊन जेवलो, तरी ते डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेलो. वीस बॉल. प्रत्येक बॉल मारायच्या आधी मोठ्याने बोलायचं: कुठून निघणार, कुठं पडणार. मारल्यावर दोन रकाने भरायचे, एकात बॉल *निघाला* कुठं आणि दुसऱ्यात *पडला* कुठं. निघाला कुठं हे स्वतःला नीट दिसत नाही, कारण नजर वळणाच्या मागं जाते. म्हणून पुढं वीस पावलांवर पळसाच्या रेषेत एक तुराटी रोवली आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक पाऊल सोडून आणखी दोन. बॉल कोणत्या फटीतून गेला ते आबाजी मागून सांगत. पडला तिथं चुन्याची चिमूट.

वीसपैकी बोलल्यासारखे गेले तीन. अकरा बॉल पळसाच्या उजवीकडे पंधरा पावलांहून लांब पडले. चार सरळ निघून सरळच गेले, दोन डावीकडे निघाले आणि तिकडेच राहिले. चुन्याचे ठिपके वरातीतल्या अक्षतांसारखे पसरलेले. फेडवाल्याचे ठिपके एका घोळक्यात पडतात. माझा घोळका नव्हताच, कोजागिरीचं चांदणं होतं.

तुमच्याकडे मैदान आणि मागून पाहायला कोणी किंवा मोबाइलचा कॅमेरा असेल तर कोचला पैसे देण्याआधी ही वही एकदा भराच. फुकट आहे आणि लाज फक्त स्वतःपुरती वाटते.

कोच शोधला. नागपूरच्या वेशीवर एका रेंजवर (बॉल मारायच्या सरावाच्या मैदानावर) शिकवणारे एक सर मिळाले. ४५ मिनिटांचे ९०० रुपये, बॉलची बादली २०० रुपये. पहिली तारीख संक्रांतीच्या आदल्या दिवशीची, रविवार १४ जानेवारी २०२४. तळेगावहून सकाळची एसटी, कोंढाळी, बाजारगाव करत अमरावती रोडनं. बायको सोबत आली. म्हणाली, "मले अर्धं तिकीट आहे, तुमच्यासंगं सीताबर्डीचा बाजार करून येतो."

सरांनी दहा बॉल मारू दिले, मधे एक शब्द नाही. मग विचारलं, "दादा, एकदा डावीकडे वळवून दाखवता?" दाखवता येईना. काहीही केलं तरी बॉल उजवीकडेच. ते म्हणाले, "ज्याला डावीकडे वळवता येत नाही, त्याचा उजवीकडचा फेड नसतो. त्याला दुसरं काही येत नाही एवढंच."

मग त्यांनी जे समजावलं ते मी गावाकडच्या भाषेत सांगतो. काठीच्या तोंडाला दाराची फळी समजा. बॉलला लागताना ती फळी ज्या दिशेला तोंड करून असते, बॉल मुख्यतः तिकडेच निघतो. काठी कुठून कुठं ओढली गेली, म्हणजे फटक्याची वाट, तिचा निघण्याच्या दिशेवर कमी परिणाम होतो. पण फळी आणि वाट यांच्यात जेवढा फरक, तेवढं वळण. जुने लोक याच्या उलटं शिकवत: बॉल वाटेवरून निघतो आणि तोंडाकडे वळतो. बॉल आणि काठीची दिशा मोजणारी रडारची यंत्रं आल्यावर ते चूक ठरलं. आमच्या साहेबांपैकी निम्मे अजून जुनंच सांगायचे आणि मी तेच गळ्यात बांधून गावी आलो होतो.

म्हणजे फेडसाठी वाट निशाणाच्या जरा डावीकडे आणि फळी त्याहून कमी डावीकडे, निशाण आणि वाट यांच्या मधे. बॉल थोडा डावा निघतो, थोडा उजवा येतो. स्लाइसमध्ये फळी वाटेच्या मानाने सताड उघडी, म्हणजे उजवीकडे फिरलेली. उघड्या फळीने बॉल उंचही चढतो आणि लांबी मरते. लांब जायला हवा तो माझा पाच नंबरचा बॉल सात नंबरच्याच जवळ का पडायचा, ते त्या दिवशी कळलं.

आणि स्लाइस उजवीकडे जातो म्हणून मी काय करत होतो? पाय आणखी डावीकडे फिरवत होतो. त्याने वाट आणखी डावी, फरक आणखी मोठा, वळण आणखी जास्त. कधीमधी असा बॉल गरागरा वळून नेमका पळसाशी पडायचा आणि मी तोच फेड म्हणून मिरवायचो.

दुसरा घोळ माझ्या लाडक्या सात नंबरचा होता. सात नंबर बरा जातो, ड्रायव्हर मात्र दगा देतो, असं मला वाटायचं. सरांनी सांगितलं की दोष एकच आहे. सात नंबरचं तोंड जास्त तिरपं, त्यामुळे तेवढ्याच चुकीवर बॉल कमी वळतो. ड्रायव्हरचं तोंड जवळजवळ उभं, तिथं तीच चूक उघडी पडते. वेज सगळ्यात तिरपी, तिने कोणीही साधू दिसतो.

त्या दिवशी घरी येऊन बायकोच्या पावडरच्या डब्यातली पावडर ड्रायव्हरच्या तोंडावर फासली. दहापैकी सात ठसे टाचेकडे, म्हणजे दांडीच्या बाजूला. ड्रायव्हरचं तोंड थोडं फुगीर असतं, टाचेकडे लागला की बॉलला उजवीकडची फिरकी वरून मिळते. पावडर ८५ रुपयांची होती आणि तिचे बोल वेगळे.

याच सुमारास सरकारी भाग सुरू झाला. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एकाने विषय काढला की फौजी ई-क्लासवर "दगडासारखे गोळे" मारतो, उद्या कोणाच्या डोक्यात बसला तर? मुद्दा खोटा नव्हता. बॉल जेमतेम ४६ ग्रॅमचा असतो, पण जोरात बसला तर डोकं फुटतं. ग्रामसेवक म्हणाले, अर्ज द्या. १२ फेब्रुवारीला दिला. सोबत जागेचा सातबारा, हाताने काढलेला नकाशा, आधारची झेरॉक्स आणि १०० रुपयांच्या स्टॅम्पवर हमीपत्र की इजा झाल्यास जबाबदारी माझी. पोच घ्यायला विसरू नका. मी घेतली नव्हती, मार्चमध्ये अर्ज सापडेना, पुन्हा दिला. तेवढ्यात १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्याकडची १ मेची सभा पुढं गेली. विषय निघाला थेट १५ ऑगस्टला.

सभेत खरा वाद बॉलचा झाला नाही, खड्ड्याचा झाला. गोल्फ म्हणजे भोक, मग ढोराचा पाय मोडला तर? मी सांगितलं, भोक १०८ मिलिमीटरचं असतं, तांब्याच्या तोंडाएवढं, आणि मी एकही खणणार नाही. ठराव झाला. जागा द्यायचा अधिकार पंचायतीला नाही, म्हणून शब्द असे की "सरावास हरकत नाही". वेळ सकाळी ६ ते ८, जनावरं असल्यास बंद, खड्डा नाही, कुंपण नाही. ठरावाची नक्कल घेऊन प्लास्टिकच्या पाकिटात घातली. ती अजून बॅगेत असते.

मधले महिने वाया गेले नाहीत. मार्चमध्ये हरभरा निघाल्यावर मृगापर्यंत माझं वावर मोकळं होतं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे ऊन ४५ अंशांच्या घरात जातं, म्हणून पहाटे साडेपाच ते साडेसात. वखराच्या तासांचा, म्हणजे मातीत उठणाऱ्या रेघांचा, इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. तास सरळ असतो. एका तासावर बॉल ठेवला, शेजारच्या तासाला पायांचे अंगठे लावले की आपण कुठं तोंड करून उभे आहोत यात फसवणूक उरत नाही. फटका मारल्यावर काळ्या मातीत काठीचा ओरखडा उठतो. माझे ओरखडे तासाला तिरपे कापून विहिरीकडे, म्हणजे डावीकडे जात होते. वखर तिरपं चाललं की बापू मागून ओरडायचे, तसं ती माती मला ओरडत होती.

सरांनी तीन गोष्टी दिल्या होत्या. डावा हात काठीवर थोडा उजवीकडे फिरवायचा, वरून पाहिलं की बोटांच्या मुळाचे दोन उंचवटे दिसले पाहिजेत. मला एकच दिसायचा. उजव्या काखेत दुपट्टा धरायचा आणि काठी खाली येताना तो पडू द्यायचा नाही. आणि बॉलच्या पलीकडे, जरा मागं, टीचभर अंतरावर एखादा खोका ठेवायचा. काठी बाहेरून आली की खोका उडतो. माझ्याकडे खोका नव्हता, पऱ्हाटीची पेंडी ठेवली. पहिल्या सकाळी सहा पेंड्यांचा चुराडा झाला. सालदाराने विचारलं, "भाऊ, इंधन फोडून रायले का?"

पहिला बॉल डावीकडे वळला तो ९ मे रोजी. वळला म्हणजे हुक झाला, धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या संत्र्याच्या बागेत गेला. मी एकटाच वावरात उभा राहून हसलो. पुढचा महिनाभर सगळे बॉल तिकडेच. उजवीकडचा रोग बरा होताना डावीकडचा लागतो. तिथं घाबरून जुन्या हाताकडे परत जाऊ नका; मी आठवडाभर गेलो होतो, जूनच्या तासाला सरांनी तो आठवडा लगेच ओळखला.

सप्टेंबरमध्ये त्यांनी फेड शिकवला. शिकवणं दहा मिनिटांचं होतं. पाय आणि खांदे निशाणाच्या थोडे डावीकडे, काठीचं तोंड निशाण आणि पायांची रेषा यांच्या मधे, आणि मग हाताने काहीही न करता पायांच्या रेषेत सरळ मारायचं. वळवायचं नाही, उभं राहतानाच वळण ठेवून द्यायचं. माझी खोड शेवटच्या क्षणी मनगटाने "जरा मदत" करायची होती. मदत केली की फळी उघडते आणि स्लाइस परत दारात.

८ ऑक्टोबरला ई-क्लासवर पुन्हा तीच वही. आबाजी, तुराट्या, चुना, वीस बॉल. यावेळी सात नंबरचे तेरा बोलल्यासारखे गेले: मधल्या तुराटीच्या डावीकडच्या फटीतून निघून पाच ते आठ पावलं उजवीकडे. ठिपके पळसाच्या सावलीत मावले. तीन सरळच राहिले, म्हणजे डावीकडे पडले. चार अजून स्लाइस. ड्रायव्हरचं मी त्या दिवशी लिहिलं नाही.

हिशेब द्यायचा तर: सहा तास ५,४००, बादल्या १,२००, तीन काठ्यांच्या ग्रिप बदलल्या १,३५०, जुने बॉल ६० नग ५० रुपयांप्रमाणे ३,०००. नवे घेऊ नका. त्यातले एकोणीस तुरीत गेले ते तूर सोंगल्यावर सापडले, म्हणजे नफाच.

शेवटचं काम हँडिकॅपचं, म्हणजे खेळाडूचा दर्जा सांगणाऱ्या आकड्याचं; आकडा लहान तितका खेळ चांगला. माजी सैनिकांच्या एका स्पर्धेचा फॉर्म भरला होता, दोन फोटो, ओळखपत्राची झेरॉक्स, सगळं जोडून. हँडिकॅपचा रकाना रिकामा म्हणून परत आला. हँडिकॅप मिळवायला किमान ५४ होलची कार्डं लागतात, म्हणजे अठरा-अठराचे तीन डाव, आणि प्रत्येक कार्डावर सोबत खेळणाऱ्या मार्करची सही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीन रविवार खेळलो. मैदानाची फी ७०० प्रमाणे २,१००, नोंदणी १,०००.

पहिल्या दिवशी पाचव्या होलवर ड्रायव्हरने जुना इंगा दाखवला. बॉल कुंपणापार. बाहेर गेला की एका फटक्याचा दंड आणि पुन्हा आधीच्याच जागेवरून मारायचं. झुडपात हरवला तरी तेच, आणि शोधायला तीनच मिनिटं मिळतात. जुन्या नियमात पाच होती, २०१९पासून कमी झाली. माझ्यासारख्यांनी शंका आली की पुढं जाण्याआधी सांगून दुसरा बॉल मारून ठेवावा, नाहीतर तेवढं अंतर पुन्हा मागं चालत यावं लागतं. मी आलो, दोनदा.

दुसऱ्या कार्डावर मार्करची सही राहिली. ते गृहस्थ घरी निघून गेले होते. ऑफिसने कार्ड घेतलं नाही, सहीसाठी एक फेरी वेगळी. एसटीच्या एकूण दहा फेऱ्या, तीन हजार रुपये. सगळं मिळून १७,०५०, चहा-पोहे, पावडर आणि स्टॅम्प सोडून. पहिल्या तीन कार्डांतून सगळ्यात चांगलं धरतात आणि त्यातून २ वजा करतात, त्यामुळे एक दिवस बरा गेला तरी पुरतं. माझा तिसरा गेला. आकडा आला ३१.४. रकाना भरला.

ड्रायव्हरचे दहातले तीन अजून मारून सांगावे लागतात.

परवा सकाळी ई-क्लासवर गेलो तर आबाजी पळसाच्या उजव्या अंगाला, आपल्या जुन्या जागी बसलेले. बॅगेतून काठी काढली तसं त्यांनी विचारलं, "आज कुकडं?"

"डाव्या फांदीवरून निघून खोडापाशी येते, आबाजी."

"काठी कोणती?"

"मोठी."

आबाजी उठले आणि बकऱ्या हाकलत माझ्या मागं येऊन बसले.